शोधायला गेलो एक, सापडलं भलतंच! तुमचे अनुभव सांगा

काल लेकीने 'सेरेंडिपिटी म्हणजे काय गं' विचारलं आणि एकदम अजिंठा आठवलं. लग्नाला निघालो होतो, फर्दापूरला गाडी पंक्चर, ड्रायव्हर म्हणाला दीड तास, मग गेलो लेण्यांत. १० नंबरच्या लेण्यात गाईडने खांबावर उंच टॉर्च मारला, तिथे कोरलंय जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. वाघाच्या शिकारीला आलेला साहेब, आणि सापडली ही लेणी! सही एवढी उंच कारण तेव्हा आत ढिगारा साठलेला, तो त्यावर उभा होता. लग्नातलं काहीच आठवत नाही पण तो टॉर्चचा गोल अजून डोळ्यासमोर आहे. तुमचंही लिहा.

रानवाट: गावातल्या लोकांना माहीत असणारच की ती लेणी आधीपासून, नाव मात्र साहेबाचं झालं. याचा मला फार राग येतो.

दुपारचा चहा: सेरेंडिपिटी शब्द १७५४ चा, होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने पत्रात बनवला. सेरेंदीप म्हणजे आपली लंका, तिथल्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. त्याने नशिबाबरोबर हुशारीही धरलीय हां, नुसता मटका लागला तर ते नाही.

पेट्रीडिश: +१ हुशारीला. लॅबमध्ये आहे मी. जंतू वाढवायच्या प्लेटवर बुरशी आली की आम्ही ती सरळ टाकून देतो. १९२८ ला फ्लेमिंग सुट्टीवरून आला तर बुरशीभोवतीचे जंतू विरघळलेले, तो थांबून बघत बसला म्हणून पेनिसिलिन. नव्या मुलींना मी हेच सांगते, टाकण्याआधी एकदा नीट बघा गं

मोगरा: आमच्याकडे पाहुणे दारात आणि म्हशीचं दूध फाटलं. सासूबाईंनी शांतपणे आटवत ठेवलं, मग साखर, वेलची, वर पिस्ते. पाहुणे रेसिपी घेऊन गेले! आता दर दिवाळीला मुद्दाम लिंबू पिळून दूध फाडतो. कुकर झाला, येते नंतर

रानवाट: @मोगरा साखर किती? आईला हवंय

खानदेशी: फर्दापूरचं नाव काढलंत, शेवभाजी आठवली राव, जळगावहून येताना हमखास थांबायचो. आता कोणता ढाबा चांगला आहे तिकडे?

मोगरा: लिटरला पाऊण वाटी, पण साखर शेवटी, दाणेदार झाल्यावर. आधी घातली की पाणी सुटतं

पेट्रीडिश: मे महिन्यात अजिंठा करावं म्हणतेय, ऊन फार असेल ना?

खानदेशी: भाजून निघाल, डिसेंबरात या. आणि सोमवार सोडून, लेणी बंद असतात.