मदत हवी आहे: ठेकेदार तीन महिन्यांचा पगार बुडवून गेला, रुग्णालय म्हणतं आमचा संबंध नाही

नमस्कार. कामगार कायद्याची किंवा सरकारी निविदांची माहिती असणाऱ्यांनी कृपया वाचावं.

माझी मोठी बहीण महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात सफाईचं काम करते. सहा वर्षं तोच वॉर्ड आणि तोच मुकादम, ठेकेदार मात्र तिसरा. आधीच्या ठेकेदाराची मुदत जून २०२५ मध्ये संपली. जाताना त्याने एप्रिल ते जूनचा पगार ३२ जणांना दिलाच नाही. पगारपत्रकावर पीएफ कापलेला दिसतो, पासबुकात मात्र मार्चनंतर एक रुपया जमा नाही. त्याला फोन केला की "बिलं निघाली नाहीत" एवढंच ऐकायला मिळतं. रुग्णालयाच्या कार्यालयात गेलं की "तुम्ही आमचे कर्मचारी नाही."

हे दुसरं उत्तर मला फार लागलं. करोनाच्या काळात याच बायका वॉर्डात उभ्या होत्या, तेव्हा त्या कोणाच्या आहेत हे कोणी विचारलं नव्हतं.

मी १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वाचला. कलम २१ मध्ये स्पष्ट आहे की ठेकेदाराने पगार दिला नाही, तर मूळ मालकाने, म्हणजे इथे रुग्णालयाने, तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या देय रकमेतून वळता करून घ्यायचा. पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असायला हवा, हेही त्याच कलमात आहे. या तीन महिन्यांत कोणी हजर होतं का? पगारच वाटला नाही, हे त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं.

हे दाखवल्यावर लेखा विभागातल्या साहेबांनी सांगितलं की महाराष्ट्रात हा कायदा लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर नेली आहे आणि तुम्ही तर ३२ च. मर्यादा बदलली हे खरं आहे. पण कायद्यात आस्थापनेतले कंत्राटी कामगार मोजायचे आहेत ना? सुरक्षारक्षक आणि स्वयंपाकघरातले लोकही ठेक्यावरच आहेत, फक्त ठेकेदार वेगळे. सगळे मिळून ५० च्या बरेच वर जातात. माझी मुख्य शंका हीच आहे: ही बेरीज धरतात का? कोणी असं प्रकरण लढवलं असेल तर जरूर सांगा.

दुसरं म्हणजे करारनाम्याची प्रत, मंजूर झालेली बिलं आणि ठेकेदाराची अनामत रक्कम परत केली का, हे मी माहिती अधिकारात मागितलं. "त्रयस्थ पक्षाची व्यावसायिक गोपनीय माहिती" म्हणून नकार आला. जनतेच्या पैशाने दिलेला ठेका गोपनीय कसा? पहिलं अपील ३० दिवसांत करायचं आहे, त्यात नेमका कोणता मुद्दा धरावा? मला सगळ्यात घाई अनामत रकमेची आहे. ती एकदा परत गेली की वसूल करायला काहीच उरणार नाही.

आणि नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत. आमची थकबाकी त्याआधीची आहे. मग सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज जुन्या कायद्याखाली करायचा ना? पीएफची तक्रार वेगळी करणार आहे, कारण त्या योजनेतही ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची अंतिम जबाबदारी मूळ मालकावरच आहे आणि तिथे ५० चा प्रश्न येत नाही.

कायम करा, अशी मागणी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या स्टील ॲथॉरिटी प्रकरणातल्या २००१ च्या निकालानंतर ते आपोआप होत नाही, हे माहीत आहे. केलेल्या कामाचे पैसे हवेत, बस.

अर्जावर सह्या करायला ३२ पैकी ११ जणीच तयार आहेत. बाकीच्यांना भीती आहे की नवा ठेकेदार यादीतून नाव काढेल. ताईलाही तीच धास्ती आहे, तरी तिने पहिली सही केली. सगळ्यांची नावं उघड न करता युनियनमार्फत किंवा एखाद्या प्रतिनिधीमार्फत दावा लावता येतो का? कोणी केलं असेल तर कागदपत्रं काय काय लागली तेही लिहा. हजेरीच्या वहीचे फोटो आमच्याकडे आहेत, मूळ वही मुकादमाकडे आहे.