'लिंगसंक्रमण' की 'लिंगांतर'? मॉरिस 'गेले' की 'गेल्या'?

शंका: प्रवासलेखिका जॅन मॉरिस आधी जेम्स मॉरिस या नावाने पुरुष म्हणून वावरत, पुढे स्त्री म्हणून जगू लागल्या. त्यांच्यावरच्या लेखात या बदलाला, म्हणजे 'ट्रान्झिशन'ला, 'लिंगसंक्रमण' म्हणावं का? शिवाय व्हेनिसवरचं त्यांचं पुस्तक १९६० साली जेम्स मॉरिस या नावाने आलं. मग तेवढ्या काळापुरतं 'ते गेले' लिहायचं का?

उत्तर: 'संक्रमण' अजिबात नको. आज ते रोगाच्या लागणीचं नाव झालंय, त्यात आधी 'लिंग' जोडलं की वाचणाऱ्याला गुप्तरोगच आठवेल. वर्तमानपत्री 'लिंगबदल' कळतं, पण त्यातून फक्त शस्त्रक्रिया डोळ्यांपुढे येते. मॉरिस यांनी हार्मोन्स घ्यायला सुरुवात केली १९६४ साली, कासाब्लांकातली शस्त्रक्रिया झाली १९७२ साली. मधल्या आठ वर्षांना एका ऑपरेशनचं नाव पुरत नाही. स्थलांतर, धर्मांतर यांच्या ओळीतलं 'लिंगांतर' मला सर्वांत नेटकं वाटतं. 'तृतीयपंथी' इथे चूकच, कारण त्या शब्दामागे आपल्याकडचा एक समाज उभा आहे. 'पारलिंगी स्त्री' बरोबर.

क्रियापदाचं म्हणाल तर सबंध आयुष्याला 'त्या'. जेम्स हे नाव पुस्तकाच्या प्रथम प्रकाशनाच्या उल्लेखात एकदा द्यावं, पुरे. आदरार्थी बहुवचन ठेवलं की निम्मं काम हलकं होतं: 'त्यांनी १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी सांकेतिक भाषेत पाठवली' या वाक्यात कर्त्याचं लिंग कुठेच दिसत नाही. 'लिहितात', 'लिहितील' यांतही नाही. ते उघडं पडतं गेल्या, राहिल्या, परतल्या अशा अकर्मक भूतकाळात. शिकणे, बोलणे, विसरणे यांच्याकडे नीट लक्ष ठेवा. कर्म असूनही ती कर्त्याप्रमाणेच चालतात: 'त्या इटालियन शिकल्या'.

पुरवणी: खरी कसोटी १९७४ च्या 'कनंड्रम' या आत्मकथनात आहे. आईच्या पियानोखाली बसलेलं तीन-चार वर्षांचं मूल, आपण चुकीच्या शरीरात जन्मलोय हे त्याला तिथे उमगतं. तिसऱ्या पुरुषात 'मूल' हा नपुंसकलिंगी शब्द अलगद मदतीला येतो. प्रथमपुरुषात ती सोय नाही, 'मी होतो' किंवा 'मी होते', दोनच वाटा. सांगणारी बाई १९७४ ची आहे, म्हणून 'मी तीन-चार वर्षांची होते' हेच खरं. मधेच 'होतो' आलं की निवेदकच बदलल्यासारखा वाटतो.

शहराच्या लिंगाचाही विचार करा. मराठीत 'व्हेनिस' शहर म्हणून नपुंसकलिंगी: 'व्हेनिस बुडालं'. मॉरिस यांचा जीव त्या शहरावर जडलेला, म्हणून 'व्हेनिस नगरी' म्हणून स्त्रीलिंग आणलंत तरी चालेल. पण मग मॉरिस यांना एकेरी 'ती' म्हणू नका, नाहीतर 'तिचे कालवे, तिचं एकटेपण' यातली 'ती' कोण हे कळणार नाही.

आणखी एक: व्हेनिसमध्ये भरतीला शहरात शिरणाऱ्या पाण्याला, 'आक्वा आल्ता'ला, 'पूर' म्हणू नये. पूर नदीला येतो. इथे सिरोको वारा एड्रियाटिक समुद्राचं पाणी भरतीच्या वेळी खाजणात रेटतो. कोकणातलं 'उधाण' त्याला चपखल बसतं: '४ नोव्हेंबर १९६६ च्या उधाणात पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं.'