टंकीचा सेन्सर पंधरा दिवसही टिकेना, करंट मोजू कसा?

रामबागकर:
नमस्कार मंडळी. आमच्या इंदूरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणून गच्चीवरच्या टंकीत पातळी सांगणारा सेन्सर बसवलाय. ईएसपी३२ या वायफाय चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड आणि २६०० एमएएचचा १८६५० लिथियम सेल. दर १५ मिनिटांनी ४ सेकंद उठतो, वायफायवर आकडा टाकतो, परत डीप स्लीप, म्हणजे जवळजवळ सगळं बंद करून झोप. जागेपणी सरासरी १२० मिलिअँपिअर धरले तरी हिशोब २०० दिवसांचा येतो. सेल पंधरवड्याच्या आत संपतो. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर लावला की बोर्ड नुसता रीसेट होत राहतो.

सोल्डरकाका:
अरे, त्या रेंजला मीटरच्या आत मोठा रेझिस्टर असतो. वायफायनं २००-३०० मिलिअँपिअर ओढले की व्होल्टेज तिथंच खाल्लं जातं. मीटरच्या दोन्ही टोकांना जंपर लाव, बोर्ड झोपला की काढ, आकडा वाच, उठायच्या आत परत लाव.

मला मीटरपेक्षा कपॅसिटर आवडतो. ३.३ व्होल्टच्या पिनेवर ४७०० मायक्रोफॅरड लाव, झोपल्यावर सप्लाय तोड आणि घड्याळ बघ. १० मायक्रोअँपिअर जात असतील तर ०.१ व्होल्ट उतरायला ४७ सेकंद लागतात. तुझ्या बोर्डावर डोळा लवायच्या आत उतरेल, पैज लाव! आधी नुसत्या कपॅसिटरची गळती मोजून ठेव, स्वस्त इलेक्ट्रोलिटिक फार गळतात.

चोर बहुधा बोर्डावरचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि तो लाल एलईडी. ईएसपी३२ची चिप बिचारी १० मायक्रोअँपिअरवर झोपते, हे तिघं मिळून मिलिअँपिअर पितात. बॅटरी मोजायला १०० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर लावला असशील तर भरल्या सेलवर तोच २१ मायक्रोअँपिअर घेतो.

सियागंजवाली:
काकांचं बरोबर, पण चोर पकडल्यावरही सरासरी ०.५४ मिलिअँपिअर येते, आणि ती जवळजवळ सगळी त्या ४ सेकंदांची. स्टॅटिक आयपी (कायमचा ठरलेला पत्ता) दे, राउटरचा चॅनल साठवून ठेव, म्हणजे वायफाय लवकर जोडेल. आणि पाणी यायचा दिवस नसेल तेव्हा रात्री दर पाव तासाला उठून तो टंकीत बघणार काय?

रामबागकर:
बोर्डाऐवजी नुसतं ईएसपी३२चं मॉड्यूल घेतो मग. सेल थेट ३.३च्या पिनेला चालेल का?

सोल्डरकाका:
मुळीच नको! भरलेला सेल ४.२ व्होल्ट, चिपची मर्यादा ३.६. एचटी७३३३ हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर लाव, तो स्वतः साधारण ४ मायक्रोअँपिअर घेतो. पण देतो २५० मिलिअँपिअरच, तेव्हा वायफायच्या झटक्यासाठी शेजारी ४७० मायक्रोफॅरड हवाच.