जिन्याखालच्या ट्रॉल्या: सुतार यायच्या आधी वजन ठरवा

(लातूरच्या आमच्या रो हाऊस सोसायटीच्या ग्रुपवरची शनिवारची चर्चा)

घर क्र. 11, वहिनी: सगळ्यांना नमस्कार. हॉलमधल्या जिन्याखालच्या जागेचं काय करावं, सल्ला हवाय. ज्वारीची कोठी एकदम आत कोपऱ्यात ठेवलेली आहे, तिथं दिवसासुद्धा अंधार. सासूबाईंना गुडघ्यामुळं वाकता येत नाही. दळणाला ज्वारी काढायची म्हणलं तरी त्यांना मी ऑफिसातून येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून ओढून बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या करून घ्यायच्यात. सुतार म्हणतोय, प्लायच्या तीन करू, सगळ्या चॅनलवर, म्हणजे ड्रॉवरला असतात तशा सरकत्या लोखंडी पट्ट्यांवर. कोणी केल्यात का?

घर क्र. 7, ताई: आम्ही केल्यात वहिनी. फार सोय होते, नक्की करा. आधी खोल कपाट होतं, मागचं काही काढायचं तर पुढचं सगळं जमिनीवर यायचं. आता ट्रॉली ओढली की दोन्ही बाजूंनी हात पोचतो. त्यासाठी बाजूच्या फळ्या मात्र लावू देऊ नका, नुसता गज ठेवा. एकदा ट्रॉली डब्यासारखी बाजूंनी बंद केली की पुन्हा वरूनच वाकून काढावं लागतं.

घर क्र. 9, भाऊ: आमची पण करायची आहे. वहिनी, सुताराचा नंबर टाका.

घर क्र. 4, सर: वहिनी, सगळ्या चॅनलवर करू नका. आधी कुठल्या ट्रॉलीत काय ठेवणार ते लिहा आणि प्रत्येकीपुढं वजन मांडा. दुकानात सहज मिळणारी टेलिस्कोपिक चॅनलची जोडी साधारण 35 ते 45 किलो पेलते, आणि लांबी जास्तीत जास्त 24 इंच. तुमचा जिना तीन फूट रुंद आहे, म्हणजे मागचा एक फूट वायाच जाणार. त्यात ज्वारीचा एक कट्टा 50 किलोचा. ट्रॉली बाहेर आली की सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर अधांतरी लोंबकळतो. काही दिवसांत चॅनल वाकतं, दार खाली घासायला लागतं.

धान्याची ट्रॉली चाकांवर घ्या. खाली एक इंची चौकोनी लोखंडी पाइपची फ्रेम, वेल्डिंगवर गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइडचा रंग, आणि चार चाकं. चाकं फिरती नकोत, सरळ जाणारी घ्या. फिरती चाकं असली की ट्रॉली तिरकी होते आणि शेजारच्या ट्रॉलीला धडकते. तुमच्याकडं खाली शहाबादी फरशी आहे ना? मग सांध्यांवर चाक अडकेल. खाली दोन लोखंडी पट्ट्या रुळासारख्या टाकून घ्या. हलक्या सामानाला चॅनल चालेल, तिथं हरकत नाही.

घर क्र. 11, वहिनी: सर, माप कसं घ्यायचं? सुतारानं नुसती उंची आणि लांबी घेतली.

घर क्र. 4, सर: पायरी मोजा. आपल्या सगळ्यांच्या जिन्यात एका पायरीची उंची 7 इंच, पाय ठेवायची रुंदी 10 इंच आहे. म्हणजे दर 10 इंचाला वरची बाजू 7 इंच खाली येते. दोन फूट रुंदीची ट्रॉली केली तर तिची एक बाजू दुसरीपेक्षा जवळपास 17 इंच उंच होणार. म्हणून आतले कप्पे सरळ एका रेषेत येत नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांनी बसवावे लागतात. पहिल्या पायरीकडचा दीड-दोन फुटाचा तुकडा चपला-बुटांना सोडा, तिथं ट्रॉली करायच्या नादी लागू नका. आणि प्लास्टर कुठंच एकसारखं नसतं, तेव्हा पुठ्ठा कापून तो जिन्याखाली लावून बघायचा, मगच प्लाय कापायचा. वरून अर्धा इंच मोकळा सोडायचा.

समोरची जागाही बघा. ट्रॉली तीन फूट बाहेर आल्यावर माणसाला उभं राहायला जागा लागते. सोफा तिथंच असेल तर तो आधी हलवा.

घर क्र. 9, भाऊ: इन्व्हर्टर आणि जादाचा सिलेंडर पण त्यातच बसवता येईल का? दोन्ही समोर दिसायला बरं दिसत नाही.

घर क्र. 4, सर: सिलेंडर अजिबात नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर बंद कप्प्यात तळाशी साचून राहतो आणि बाहेर वासही लवकर येत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिलाही उघडी हवा लागते. शिवाय मोठी ट्यूब्युलर बॅटरी साठ किलोच्या आसपास भरते. ती आहे तिथं, खिडकीजवळच राहू द्या.

घर क्र. 2, आप्पा: सरांचं बरोबर आहे. माझं एक ऐका. जिन्याच्या स्लॅबला खालून ड्रिल मारू देऊ नका. सुताराला चार खिळे-बोल्ट मारले की काम सोपं वाटतं, पण त्यात सळई असते. सगळा सांगाडा जमिनीवर उभा करायचा आणि बाजूच्या भिंतीला धरायचा. आणि प्रत्येक ट्रॉलीला कडी पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारी भूकंपाची पहाट आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. जिन्यावरून खाली येणाऱ्याची वाट ह्या ट्रॉल्यांच्या पुढूनच जाते. जमीन हलली आणि क्विंटलभर वजन आपोआप चाकावर बाहेर आलं, तर लेकरं-म्हातारी माणसं कुठून निघणार? मॅग्नेटवर भरोसा नको, लोखंडी कडीच लावा.

घर क्र. 7, ताई: आप्पा, हे आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमच्या ट्रॉल्यांना उद्याच कड्या लावून घेते.

सेक्रेटरी: हे सगळं घरातल्या जिन्याबद्दल चाललंय, ठीक आहे. पलीकडच्या फ्लॅटवाल्यांनी मात्र सामाईक जिन्याखाली काहीही करू नये. तिथं मीटर आहेत आणि आग लागली तर तीच सुटकेची वाट आहे. तिथल्या दोन सायकली आणि रद्दी सोमवारपर्यंत काढा, ही विनंती.

घर क्र. 7, ताई: वहिनी, वाळवीचं पण बघा. जमिनीलगतचा प्लाय साधा नको, वॉटरप्रूफ घ्या. त्यावर आयएस 710 चा शिक्का असतो, तो दुकानात बघूनच घ्या. खाली दोन इंच मोकळं ठेवलं की झाडूही जातो. वाळवीचं औषध मारायचं असेल तर धान्य आधी वरच्या खोलीत न्या. वास गेल्याशिवाय परत आणू नका.

आणि दाराला जाळी ठेवा. मालदांडी ज्वारीला ऊन दिल्यावर गरम गरम कोठीत भरू नका, थंड होऊ द्या. नाहीतर बंद जागेत घाम धरते आणि कीड लागते.

घर क्र. 11, वहिनी: ताई, सर, आप्पा, खूप आभार. एकच शंका, क्विंटलची कोठी चाकांवर असली तरी सासूबाईंना ओढवेल का?

घर क्र. 4, सर: क्विंटलची एक नको. 50 किलोच्या दोन छोट्या कोठ्या करा, वेगवेगळ्या ट्रॉलीत. तरी रोजचं त्यांनी तिथून काढू नये. सगळ्यात उंच ट्रॉलीत कमरेच्या उंचीवर 15-20 किलोचा डबा ठेवा, त्याचं झाकण वरून उघडेल असं. महिन्यातून एकदा तुम्ही कोठीतून तो भरा. दळणाला लागेल तेवढं त्या उभ्या उभ्या काढतील, वाकायचं कामच नाही. हँडल पण आडवं आणि लांब घ्या, मुठीत नीट धरता येईल असं. बोटात अडकवायचं बारीक हँडल सांधे दुखणाऱ्याला जमत नाही.

घर क्र. 11, वहिनी: हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात डबा डाव्या हाताला पाहिजे, उजव्या हातात सूप असतं.

घर क्र. 4, सर: मग उंच ट्रॉलीचं दार उजवीकडून धरून ओढायचं ठेवा, डबा डाव्या बाजूला येईल. सुताराला उद्या दहाला बोलावा, मी टेप आणि पुठ्ठा घेऊन येतो.