ओव्हरक्लॉक केल्यावर पीसी सुरू होईना: दोष घाईचा की खान्देशातल्या उन्हाचा?

पांझराकाठ (धुळे)

आमच्या गल्लीतल्या एका डिप्लोमाच्या पोराने स्वतः जोडलेला पीसी मागच्या आठवड्यात बंद पडला. एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० ची आठ-आठ जीबीची रॅमजोडी. त्याने ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जादा वेगाने पळवायला, एकाच बैठकीत प्रोसेसर सगळ्या कोअरवर ४.४ गिगाहर्ट्झला आणि १.४ व्होल्टला नेला, रॅम ३८०० केली, सेव्ह केलं आणि मॉनिटर काळा. पंखे फिरायचे, थांबायचे, पुन्हा फिरायचे. दुकानात नेला तर उत्तर मिळालं, "बोर्ड गेला, नवा टाका."

बोर्ड ठणठणीत होता. सीएमओएस क्लिअर केलं, म्हणजे बोर्डने साठवलेल्या सेटिंग पुसल्या, आणि चालू झाला.

माझं म्हणणं असं की ओव्हरक्लॉकनंतर सुरू न होणारा पीसी बहुतेक वेळा मेलेला नसतो, चुकीच्या सेटिंगवर अडकलेला असतो. खर्चाची भाषा करण्याआधी एवढं तरी करून बघा. एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) बटण बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जातो. बोर्डवर सीएमओएस क्लिअरच्या दोन पिना असतात, त्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दहाएक सेकंद जोडा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ चा गोल सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबा. नंतर एकच रॅम लावा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि मग बटण दाबा. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डलाच हवी. ३६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, बोर्डच्या एचडीएमआयला लावून बसाल तर दिवसभर काळंच दिसेल.

आणि यावरून ओव्हरक्लॉकिंगला नावं ठेवू नका. पोरं यातूनच शिकतात.

रेल्वेवाला_भुसावळ

दादा, निदान बरोबर आहे, पण शेवटचं वाक्य मला मान्य नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो हे इथे कुणाला सांगायला नको. हवेवर चालणारा प्रोसेसरचा कूलर कितीही भारी घ्या, खोलीच्या तापमानाच्या खाली तो जाऊच शकत नाही. समजा पूर्ण लोडला प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंश वर राहतो. डिसेंबरात खोली २२ ला असेल तर प्रोसेसर ७२ ला. मेमध्ये वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली खोली ४२ ला, म्हणजे प्रोसेसर ९२ ला. ३६०० ची कमाल मर्यादा ९५ आहे. पुण्यातल्या माणसाचा व्हिडिओ बघून लावलेला आकडा आपल्या खोलीत कसा टिकेल?

हिशोबही करून बघा. लागणारी वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. १.२५ व्होल्टवर ४.० चालणारा प्रोसेसर १.४ व्होल्टवर ४.४ ला नेला, तर वेग दहा टक्के वाढला आणि उष्णता ३८ टक्क्यांच्या आसपास. हा सौदा खान्देशात कुणी करावा?

गिरणाकाठची (चाळीसगाव)

रेल्वेवाले दादा, तुमचा हिशोब खरा आहे, पण या केसला तो लागू नाही. पीसी बटण दाबल्यावर लगेच अडकत होता. तेवढ्यात प्रोसेसर तापायला वेळच कुठे मिळतो? उन्हामुळे बंद पडणारा पीसी चालू होतो, विंडोज येते, गेम किंवा रेंडर सुरू झाल्यावर गचकतो. स्क्रीन येण्याआधीच अडकला तर आधी रॅमकडे बघायचं. बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील तर डीरॅमचाच जळत असणार.

कारण ३८०० हा आकडा आहे. या पिढीच्या रायझनमध्ये रॅमच्या निम्म्या वेगाने आतलं इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारी वाट) पळवायचं असतं. रॅम ३६०० ला असली की ते १८०० होतं आणि बऱ्याच चिपना पेलतं. ३८०० ला १९०० लागतं, ते बऱ्याच रायझन ३६०० ना जमत नाही. म्हणजे पोराचा ४.४ कदाचित चाललाही असता. दोन्ही एकदम बदलल्यामुळे काय अडलं तेच कळलं नाही.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. रॅमचं एक्सएमपी (तिला छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करणं आणि प्रोसेसरला जादा व्होल्टेज देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ३२०० ची रॅम घेऊन ती २६६६ वरच चालवत बसलेली कितीतरी मशीन मी पाहिली आहेत. "ओव्हरक्लॉक नको" असं सरसकट सांगितलं की लोक पैसे मोजलेला वेगही वापरत नाहीत.

रेल्वेवाला_भुसावळ

ताई, काळ्या स्क्रीनचं कारण रॅम, हे मान्य. पण एएमडीच्या वॉरंटीची अट वाचा. ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर प्रोसेसर किंवा मेमरी चालवली तर वॉरंटी जाते, ती सोय कंपनीने स्वतः दिलेली असली तरीही. ३६०० ची अधिकृत मर्यादा डीडीआर४ ३२००. तिथपर्यंत तुमचं म्हणणं ठीक, त्यापुढे स्वतःच्या जबाबदारीवर.

आणि फेब्रुवारीत स्थिर वाटलेली रॅम मेमध्ये चुका करायला लागू शकते. तेव्हा स्क्रीन काळी होत नाही. फाइल गुपचूप खराब होते. कुणाच्या लग्नाचं शूटिंग त्या डिस्कवर असेल तर पुन्हा कुठून आणणार?

अमळनेरकर

पांझराकाठ भाऊ, सीएमओएस क्लिअर करा असं सांगता, पण त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी होती. विंडोज ११ च्या मशीनवर ड्राइव्ह एनक्रिप्ट असेल तर बायॉस (बोर्डचा सेटिंगचा प्रोग्राम) रीसेट झाल्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, रिकव्हरी की मागू शकतो. ४८ आकडी की असते, बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली. ते खातं कुठलं आणि पासवर्ड काय हेच आठवत नसेल तर सगळा डेटा आत अडकतो. म्हणून मी आधी नुसतं थांबायला सांगतो. कितीतरी बोर्ड दोन-तीनदा अपयशी प्रयत्न करून आपोआप जुन्या सेटिंगवर येतात. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी रॅम ओळखण्यातच काही मिनिटं जातात आणि लोक घाबरून मधेच वायर ओढतात.

रीसेटनंतर "बूट डिव्हाइस सापडत नाही" आलं तरी डिस्क गेली समजू नका. सीएसएम आणि यूईएफआय या बूट होण्याच्या पद्धतींची सेटिंग बदललेली असते. घड्याळही मागे जातं, तारीख चुकीची असली की अर्ध्या वेबसाइट उघडत नाहीत.

पांझराकाठ (धुळे)

बिटलॉकरचं बरोबर आहे भाऊ, वाचणाऱ्यांनी ते आधी बघा. पण डीडीआर४ च्या बोर्डवर अर्धा तास पंखे फिरत असतील तर थांबून काही मिळत नाही.

केळीबाग_रावेर

आमच्याकडे लाईटचाच भरवसा नाही. व्होल्टेज वर-खाली झालं की मशीन रीस्टार्ट होतं. मला तर वाटतं त्या पोराच्या घरीपण लाईटचाच लोचा असेल, तुम्ही उगाच रॅमवर घसरताय.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

नाना, लाईटचा दोष असता तर सीएमओएस क्लिअर केल्यावर पीसी चालू झाला नसता. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालतो, थोडं वर-खाली तो सहन करतो. लाईटची खरी भीती बायॉस अपडेट करताना असते. रॅम स्थिर व्हावी म्हणून लोक अपडेट सुचवतात, आणि अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड खरोखर बसतो. फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायॉस पुन्हा भरणारं) बटण असलेला बोर्ड वाचतो, बाकीच्यांची चिप प्रोग्रामर नावाच्या यंत्राला लावावी लागते. यूपीएस नसेल तर अपडेटच्या वाटेला जाऊ नका.

जुना_असेंबलर (जळगाव)

गोलाणी मार्केटच्या आसपास मशीन जोडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, म्हणून थोडं जुनं सांगतो. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बस, म्हणजे बोर्डची मूळ गती, ६६ ची १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० ला पळायचा. पन्नास टक्के जादा! कंपनीने तेव्हा तेवढी जागा शिल्लक सोडली होती, म्हणून ओव्हरक्लॉकिंगला अर्थ होता. आज ती जागा कंपन्या स्वतःच वापरून टाकतात. ३६०० एकट्या कोअरवर आपला आपण ४.२ ला जातो. ४.४ ला नेऊन हाती किती लागतं ते बघा.

आणि कंपन्याही हद्द ओलांडू लागल्यात. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी चे प्रोसेसर जळाले, मग एएमडीने एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं) व्होल्टेज १.३ ला बांधलं. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत जादा व्होल्टेजने प्रोसेसर खराब व्हायला लागले, कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. कारखान्यातूनच एवढं ताणून येत असेल तर आपण घरी आणखी कशाला ताणायचं?

माझा सल्ला उलटा आहे. खान्देशात व्होल्टेज कमी करा. बायॉसमध्ये इको मोड असेल तर ३६०० ला ६५ वरून ४५ वॅटवर आणा. वेग थोडा कमी होतो, पंख्याचा आवाज उतरतो आणि दुपारी मशीन दगा देत नाही.

केळीबाग_रावेर

आम्ही तर वाळ्याच्या कूलरसमोरच सीपीयू ठेवतो, खोली चांगली गार होते. मग काय अडचण?

जुना_असेंबलर (जळगाव)

खोली गार झाली तर फायदाच आहे नाना, पण थेट झोतात ठेवू नका. कूलरमधून पाण्याचे बारीक थेंब उडतात, बोअरचं पाणी जड, त्याचा पांढरा थर बोर्डवर बसतो. त्यात धूळ चिकटली की प्रोसेसरवरच्या कूलरच्या फिन (पातळ पट्ट्या) बुजतात. कॅबिनेट बाजूला ठेवा, खिडकी उघडी असू द्या, आणि उन्हाळा लागायच्या आत प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली थर्मल पेस्ट बदला.

पांझराकाठ (धुळे)

अप्पा, तुमचा इको मोड मी स्वतः कामाच्या मशीनवर लावेन. पण त्या पोराला नाही सांगणार. पीसी बंद पडल्यावर त्याने डीरॅमचा दिवा कशाचा, इन्फिनिटी फॅब्रिक म्हणजे काय, हे सगळं दोन दिवसांत वाचून काढलं. दुकानदाराने बोर्ड विकला असता तर यातलं काहीच त्याला कळलं नसतं. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतून दरवर्षी इतकी पोरं बाहेर पडतात, त्यातली किती जण उघडा बोर्ड समोर घेऊन दोष शोधू शकतात? त्या पोराने शोधला. त्याच्या हातून ते काढून घेऊन "नको बाबा, उन्हाळा आहे" म्हणणं मला पटत नाही.

शिस्त मात्र हवीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलण्याआधी बायॉसच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढायचे. डेटाची कॉपी दुसऱ्या डिस्कवर. आणि चाचणी दुपारी तीन वाजता घ्यायची, पहाटे घेतलेल्या चाचणीचा मेमध्ये उपयोग नाही.

रेल्वेवाला_भुसावळ

दुपारी तीनची अट आवडली. पण शिकायला एक जुना, फेकायच्या लायकीचा बोर्ड घ्या ना दादा. बापाने हप्त्यावर घेऊन दिलेल्या एकुलत्या एक मशीनवर शिक्षण कशाला?

पांझराकाठ (धुळे)

जुना बोर्ड कुणाकडे असेल तर सांगा, मी त्याच्यापर्यंत पोचवतो. सध्या त्याच्या मशीनवर प्रोसेसर ऑटोवर आहे, रॅम ३२०० वर. रॅम ३६०० ला नेऊन चाचणी करायची म्हणतो. मी हो म्हटलंय.

रेल्वेवाला_भुसावळ

रॅम ३६०० वर असताना मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चे चारही पास एकही चूक न येता गेले तर निकाल इथे टाका, मी वाचेन. प्रोसेसरच्या व्होल्टेजला मात्र पाऊस येईपर्यंत हात लावू देऊ नका. ते मी मागे घेत नाही.