मदत हवी आहे: जुना ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही, फक्त ‘टक’ वाजतं. हरभऱ्याची पेरणी खोळंबली आहे

दिग्रसचं_वावर

नमस्कार मंडळी. बाबांचा १९९४ सालचा ट्रॅक्टर आहे, ३५ एचपी, तीन सिलिंडर. सोयाबीन निघालं, वावर वखरून तयार आहे, आणि ट्रॅक्टर जागचा हलत नाही. हरभरा कोरडवाहू आहे, जमिनीत जी ओल आहे तिच्याच भरवशावर. काल दोन बोटांवर ओल लागत होती, आज चार बोटं उकरावं लागलं. भाड्याचा ट्रॅक्टर मिळायला आठ दिवस लागतील, कारण सगळ्या गावाची पेरणी एकाच वेळी आली आहे.

ऑगस्टमध्ये बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ट्रॅक्टर गोठ्याच्या बाजूला टिनाखाली उभा होता. आता चाबी फिरवली की एकदाच ‘टक’ वाजतं आणि पुढे काही नाही. पंखा इंचभरही हलत नाही.

आतापर्यंत हे केलं: बॅटरी ८८ एएचची, मागच्या उन्हाळ्यात घेतलेली. रात्रभर चार्जिंगला लावली, मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन, घासून काढली. शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंपर लावून पाहिलं, तरी तेच. गिअर न्यूट्रलला, क्लच दाबलेला.

तालुक्याच्या मिस्त्रीनं फोनवरच सांगितलं की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जळाला, ५,००० रुपये लागतील. काका म्हणतात दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून चालू करू. बाबा खाटेवरून ‘ओढू नको’ एवढंच म्हणतात, कारण विचारलं तर चिडतात. मी नोकरीच्या गावी राहणारा माणूस, ट्रॅक्टर चालवता येतो, दुरुस्तीतलं कमी कळतं. कुठून सुरुवात करू?

पऱ्हाटी_पांढरं_सोनं

माझ्याकडे असंच झालं होतं, बॅटरीच निघाली. मीटरवर १२.६ दाखवायची आणि लोड आला की बसायची. दुसरी लावून बघा.

जुना_मिस्त्री_हिंगणघाट

भाऊ, बाबा बरोबर सांगून रायले. ओढू नका. सायलेन्सर उभा हाय ना? पावसाळाभर त्याच्यावर डबा पालथा होता का? नसन तर पाणी सिलिंडरात उतरलं असू शकते. हवा दाबल्या जाते, पाणी दाबल्या जात नाही. अशात ट्रॅक्टर ओढला का कनेक्टिंग रॉड वाकते, मग ५,००० मध्ये काही भागत नाही.

पयले इंजिन हातानं फिरवून पाहा. बॅटरीची वायर काढून ठेवा, न्यूट्रल करा, इंजिन बंद करायची तार ओढून ठेवा म्हणजे डिझेल जाणार नाही. समोरच्या क्रँक पुलीच्या नटाले पान्हा लावा आन इंजिन ज्या बाजूनं चालते त्याच बाजूनं फिरवा. पूर्ण दोन फेरे, एक नाही. फोर स्ट्रोक इंजिन हाय, तिन्ही सिलिंडर दाबावर याले दोन फेरे लागतात. मधी मधी जड लागन, पण धरून ठेवलं का हळूहळू सरकते. दगडासारखं अडलं तर पान्ह्याले पाइप लावून जोर करू नका. तिन्ही नोजल, म्हंजे सिलिंडरात डिझेल सोडणारे, काढा, मग फिरवा. पाणी असन तर भोकातून बाहेर येते, तोंड दूर ठेवा.

डिझेल, एअर, फिल्टर यायच्याकडे आता पाहूच नका. इंजिन फिरून चालू होत नसतं तर ती गोष्ट होती. तुमचं फिरूनच नाही रायलं.

दिग्रसचं_वावर

डबा होता, बाबांनीच ठेवलेला, पण एका वादळात उडाला होता हे आईनं आत्ता सांगितलं. किती दिवस उघडं होतं ते तिलाही आठवत नाही. सकाळी फिरवून पाहतो.

वायरमन_वर्धा

सकाळी इंजिन मोकळं निघालं तर पुढचं करा. अंधारात मोठे लाइट लावा आणि कोणाला तरी चाबी फिरवायला सांगा. लाइटकडे बघा. लाइट जराही मंद झाले नाहीत तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही: सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणारा स्विच) आतले पॉइंट, सेल्फचे झिजलेले कार्बन, असं काहीतरी. लाइट एकदम बसले तर दोन शक्यता उरतात. एक तर बॅटरी कोसळते किंवा सेल्फ जाम आहे, नाहीतर वाटेत कुठे तरी जोड कच्चा आहे. हे दोन वेगळे करायला मीटर बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरा, वायरच्या टोकावर नाही. चाबी फिरवलेली असताना किती राहतं ते लिहा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा सेल्फ. १२ च्या आसपासच राहिलं तर बॅटरी आणि सेल्फ दोघांनाही सोडा, जोड शोधा.

धुऱ्यावरून

एक विनंती. कोणी तुम्हाला पेचकसानं सोलेनॉइडचे दोन नट शॉर्ट करायला सांगेल. जमिनीवर उभं राहून ते करू नका. तसं केल्यानं क्लचचा सेफ्टी स्विच बाजूला पडतो आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर जागेवरून सुटतो. माणूस नेमका मोठ्या चाकासमोर उभा असतो. आमच्या गावात असा एक पाय गेला आहे. गिअर न्यूट्रल आहे असं त्यालाही वाटलं होतं.

दिग्रसचं_वावर

सकाळचं सांगतो. इंजिन दोन फेरे फिरलं, तीन ठिकाणी जड लागलं आणि सरकलं. आवाज नाही, अडथळा नाही. बाबांना सांगितलं तर पहिल्यांदा चेहरा सैल झाला.

मग लाइट लावून पाहिलं. चाबी फिरवली की जवळजवळ विझतात. पण खुंट्यांवर मीटर धरलं तर १२.५ वरून १२.२, बस. हे दोन्ही एकाच वेळी कसं?

वायरमन_वर्धा

तुमची बॅटरी चांगली आहे आणि सेल्फलाही अजून दोष देऊ नका. बॅटरीतून पुरेसा करंट बाहेरच पडत नाही, म्हणून ती बसत नाही. लाइट आणि सेल्फ दोघांचा परतीचा रस्ता एकच, अर्थिंग. सेल्फनं ओढ दिली की तो कच्चा जोड सगळे व्होल्ट स्वतः खातो आणि लाइटला उरत नाही.

आता मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरी सेल्फच्या उघड्या लोखंडी अंगाला, रंगावर नाही. चाबी फिरवा. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं.

जंपरचंही कोडं सुटतं. काकांनी दोन्ही चिमटे तुमच्या बॅटरीवर लावले असणार, म्हणजे करंट त्याच खराब अर्थिंगमधून गेला. काळा चिमटा इंजिनच्या लोखंडाला लावला असता तर बहुतेक तेव्हाच फिरलं असतं.

दिग्रसचं_वावर

८.१ व्होल्ट आले. तीनदा मोजलं.

बॅटरीचा ट्रे उचलला. अर्थिंगची विणलेली पट्टी ट्रेखालून चेसिसच्या बोल्टला जाते, वरून दिसतच नाही. बाजूलाच गोठा, वरून बॅटरीचं अ‍ॅसिड गळलेलं. पट्टी हाताला लागली तशी चुरा झाली, हिरवी भुकटी निघाली, चार-पाच तारा शिल्लक होत्या. मी टर्मिनल चकाकवत बसलो होतो आणि दोष हातभर खाली होता.

दारव्ह्याहून नवीन जाड पट्टी आणली. चेसिसची जागा पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासली, बोल्ट नवीन टाकला, वरून ग्रीस लावलं. तीच मोजणी पुन्हा केली, ०.२ आले. इंजिन तिसऱ्या फेऱ्याला पेटलं. चालू असताना बॅटरीवर १४.१ आहे, म्हणजे डायनामोही चार्ज करतोय ना?

वायरमन_वर्धा

करतोय. १३.८ ते १४.४ मध्ये असलं की ठीक. इंजिनपासून चेसिसपर्यंत दुसरी छोटी पट्टी असेल तर तीही बघून घ्या, तिचंही वय तेवढंच आहे.

जुना_मिस्त्री_हिंगणघाट

आन सायलेन्सरवर डबा ठेवा, तारेनं बांधून.

दिग्रसचं_वावर

बांधला. दुसरी पट्टी आहे, अर्धी तुटलेली, उद्याच बदलतो.

बाबांनी खाटेवरून आवाज ऐकला. म्हणाले, बंद कर आणि पुन्हा मार. मारला. मग म्हणाले, पेरणी यंत्राचे नळे बघून घे, मधला बुजतो. कंदील घेऊन तेच करायला चाललो आहे. पहाटे वावरात उतरतो.