‘बुरशी’ म्हणावे की ‘कवक’?

‘बुरशी’ आणि ‘कवक’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का, या प्रश्नाचे माझे उत्तर नकारार्थी आहे. संस्कृतात ‘कवक’ म्हणजे अळंबी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याच्या जोडीने ‘कवकानि’ निषिद्ध ठरवली आहेत, ती हीच. विज्ञानाच्या मराठीने या शब्दाचा अर्थ विस्तारला आणि आता यीस्ट, गव्हावरचा तांबेरा, शिळ्या भाकरीवरची बुरशी व पावसाळ्यातली कुत्र्याची छत्री हे सारे त्यात सामावते. बोलीतल्या ‘बुरशी’चा व्याप एवढा नाही, लोणच्यावर, चामड्यावर किंवा ओल्या भिंतीवर दिसणारा मऊ थर एवढेच ती सांगते, आणि अळंबीला तर कोणी बुरशी म्हणत नाही.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते क्रियापद. बुरशी ‘आली’, ‘चढली’ असे आपण म्हणतो, त्यामुळे ती केवळ वर बसली आहे असा समज होतो आणि तेवढा भाग खरवडून उरलेली भाकरी खाल्ली जाते. प्रत्यक्षात डोळ्यांना दिसणारा रंग बहुधा बीजाणूंचा, म्हणजे कवक ज्यांतून पुन्हा उगवते त्या सूक्ष्म कणांचा असतो. त्यांच्याखाली, अन्नाच्या आत, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कवकतंतूंचे जाळे पसरलेले असते. हे तंतू टोकाशी वाढत पुढे सरकतात, विकरे (पचन घडवणारी द्रव्ये, एन्झाइम) बाहेर सोडून अन्न शरीराबाहेरच पचवतात आणि विरघळलेला अंश पेशीभित्तिकेतून (पेशीभोवतीच्या भिंतीतून) शोषून घेतात. म्हणून त्यांना ‘मुळे’ म्हणणे मला पटत नाही, कारण झाडाचे अन्न पानांत तयार होते, कवकाला ते आयते मिळवावे लागते. त्यांच्या भित्तिकेतही झाडांच्या भित्तिकेतले सेल्युलोज नव्हे, तर खेकड्याच्या कवचात असते ते कायटिन असते. अळंबी हा या जाळ्याचा बीजाणू पसरवण्यापुरता वर आलेला भाग आहे, त्यामुळे ती खुडल्याने जमिनीतले कवक संपत नाही.

कुजक्या पालापाचोळ्यावर जगणाऱ्या कवकांना ‘शवोपजीवी’पेक्षा ‘मृतोपजीवी’ म्हणणे अधिक योग्य, कारण ‘शव’ म्हटले की प्राण्याचे कलेवरच मनात येते. द्राक्षबागायतदार भुरी आणि केवडा या दोहोंना बुरशीजन्य रोग म्हणतात. त्यांपैकी भुरीचे कारण खरे कवक आहे, केवड्याचा जीव मात्र तंतुमय असूनही सेल्युलोजच्या भित्तिकेचा आणि वेगळ्या कुळाचा आहे, म्हणून शास्त्रीय लेखनात त्याला ‘कवकसदृश’ म्हणावे.